झांबेझी : धबधब्याच्या वर, खाली आणि ऐन कड्यावर

व्हिक्टोरिया फॉल्सला जायचं म्हटलं की आपल्याकडचा माणूस आधी विचारतो, तिथे पावसाळा कधी असतो? पाऊस पडतो नोव्हेंबर ते मार्च. धबधब्याला खरा पूर मात्र एप्रिलमध्ये येतो, पाऊस सरल्यावर. हा धबधबा ज्या नदीचा, त्या झांबेझीला पाणी मिळतं ते झांबियाच्या वायव्य टोकाकडून आणि अंगोलाच्या पठारावरून. खाली येताना ते बारोत्सेच्या अफाट पूरमैदानात पसरतं, तिथे रेंगाळतं आणि सावकाश पुढे सरकतं. भर पुरात मिनिटाला पन्नास कोटी लिटर पाणी कड्यावरून कोसळतं, आणि तुषार इतके उसळतात की समोर उभं राहूनही धबधबा नीट दिसत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात उलटी गत होते. झांबियाच्या बाजूचा कडा बराचसा कोरडा पडतो आणि नुसता काळा खडक दिसतो.

आम्ही ऑगस्टचा शेवटचा आठवडा निवडला. तोवर पाणी पुरेसं असतं, तुषार विरळ होतात, खालच्या घळीतलं राफ्टिंग जोरात असतं आणि कड्यावरचं डेव्हिल्स पूल नावाचं कुंडही पोहायला नुकतं उघडलेलं असतं. शिवाय त्या वर्षी नारळी पौर्णिमा त्याच आठवड्यात आली होती आणि आम्हाला चांदण्यातलं इंद्रधनुष्य बघायचं होतं. आम्ही तिघं होतो : मी, नवरा आणि कॉलेजात जाणारा मुलगा. सगळे दिवस नदीच्या मागे घालवायचे, हे मी निघण्याआधीच ठरवलं होतं. धबधबा समोरून बघून फोटो काढून परतणारे पुष्कळ असतात. इतक्या लांब जाऊन त्यांना या नदीचा फार थोडा भाग दिसतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

शनिवार

मुंबईहून नैरोबीमार्गे व्हिक्टोरिया फॉल्स विमानतळावर दुपारी उतरलो. हा झिंबाब्वेचा भाग. गावात शिरलो तर रस्त्याकडेच्या गवतात रानडुकरं गुडघे टेकून चरत होती. वॉर्टहॉग म्हणतात ती हीच. येणारी-जाणारी माणसं त्यांच्याकडे बघतही नव्हती.

संध्याकाळी धबधब्याच्या वरच्या अंगाला नदीतून बोटीची फेरी केली. ती पहिल्याच दिवशी करावी असं मी आवर्जून सांगेन. इथे झांबेझी रुंद आणि संथ आहे, मधे झाडीने भरलेली बेटं आहेत. पाणपक्षी, पाणघोड्यांचे कान आणि नाकपुड्या, वाळूवर पसरलेल्या मगरी असं बघत निवांत जायचं. पुढे काय वाढून ठेवलंय याचा नदीच्या चालीवरून जराही अंदाज येत नाही. फक्त लांब पूर्वेकडे झाडांच्या माथ्यावर पांढऱ्या वाफेचा लोट उभा होता. बोटवाल्याने हात करून दाखवला नसता तर मी त्याला ढगच समजले असते.

नदीच्या उभ्या मातीच्या काठाला भोकंच भोकं दिसली. गडद गुलाबी रंगाचे वेडे राघू त्यांतून ये-जा करत होते. कारमाइन बी-ईटर. ऑगस्ट-सप्टेंबरात ते थव्याने इथे येतात आणि काठ पोखरून घरटी करतात. बोट थांबवली तेव्हा एक पक्षी भोकाच्या तोंडाशी येऊन पायाने माती मागे उडवत होता, आणि ती माती पाण्यात पडल्याचा आवाज आम्हाला ऐकू येत होता.

रविवार

सकाळी दार उघडताच राष्ट्रीय उद्यानात शिरलो. झिंबाब्वेच्या बाजूने धबधब्याचा बहुतेक दर्शनी भाग दिसतो. समोरच्या कड्यावरून पायवाट जाते आणि ठिकठिकाणी क्रमांक दिलेल्या जागा आहेत. सुरुवात डेव्हिल्स कॅटरॅक्टपासून होते. तिथून मेन फॉल्स, हॉर्सशू, रेनबो करत डेंजर पॉइंटपर्यंत चालायचं. कड्याची एकूण रुंदी १,७०८ मीटर आणि सर्वांत खोल ठिकाणी उंची १०८ मीटर. या आकड्यांनी माझ्या डोळ्यापुढे कधीच काही उभं राहिलं नव्हतं. तिथे गेल्यावर कळलं की धबधबा एका अरुंद भेगेत पडतो. आपण भेगेच्या अलीकडच्या ओठावर असतो, पाणी पलीकडच्या ओठावरून येतं आणि पायाखालची जमीन सतत किंचित हलत असते.

मी सह्याद्रीत वाढलेली, तरुणपणापासून घाटवाटा चालणारी बाई. तिथला खडक बघून थबकले. तोच काळा बेसॉल्ट, तशाच उभ्या भेगा. आपला दख्खनचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, तर हा जवळजवळ अठरा कोटी वर्षांपूर्वीचा. या लाव्ह्याच्या थरांना पूर्व-पश्चिम मोठ्या भेगा पडल्या आणि त्या मऊ गाळाने भरल्या. नदीला अशी एक भेग सापडली की ती गाळ उकरून काढते, आणि नदीच्या सबंध रुंदीचा धबधबा तयार होतो. पुढे काही हजार वर्षांनी ती वरच्या अंगाची दुसरी भेग शोधते आणि धबधबा मागे सरकतो. खालची नागमोडी घळ म्हणजे जुन्या धबधब्यांच्या जागा आहेत, एकाखाली एक. डेव्हिल्स कॅटरॅक्टचा कडा बाकीच्यांपेक्षा खाली आहे, कारण नदीचं पुढचं खोदकाम तिथेच चालू आहे. हे कळल्यावर मी त्या कोपऱ्यासमोर बराच वेळ उभी राहिले. मुलगा कंटाळून पुढे निघून गेला, तरी मी हलले नाही.

समोरच्या काठावर तुषारांवर पोसलेलं छोटं सदाहरित जंगल आहे. अंजिराच्या जातीची झाडं, नेचे, खाली बुशबक नावाची लाजरी हरणं. आजूबाजूचा सगळा मुलूख ऑगस्टात वाळून पिवळा पडलेला असतो, आणि ही चिंचोळी पट्टी मात्र ओलीचिंब. दारात प्लास्टिकचे रेनकोट भाड्याने मिळतात. एप्रिल-मेमध्ये ते घ्यावेच लागतात. आम्ही साध्या जर्किनवर भागवलं आणि मोबाइल पिशवीत ठेवले.

रात्री जेवायला सद्झा मागवला. तांदळाच्या उकडीसारखाच, फक्त पांढऱ्या मक्याच्या पिठाचा आणि घट्ट. हाताने गोळा वळून खायचा. सोबत दाण्याच्या कुटातली पालेभाजी होती. नवरा शाकाहारी आहे. पुढचे सगळे दिवस त्याचं जेवण या भाजीवर उत्तम झालं.

सोमवार

राफ्टिंगला मी आणि मुलगा गेलो. झांबेझीच्या या घळीतलं राफ्टिंग जगातल्या सर्वांत अवघड व्यावसायिक राफ्टिंगमध्ये गणलं जातं. इथले बरेच रॅपिड, म्हणजे खवळलेल्या पाण्याचे टप्पे, पाचव्या श्रेणीचे आहेत. सहाव्या श्रेणीत प्रवाशांना नेतच नाहीत. नववा रॅपिड, कमर्शियल सुइसाइड, त्याच श्रेणीतला आहे. तिथे राफ्टमधून उतरून खडकांवरून चालत पुढे जायचं.

आधी घळीत उतरायचं. लाकडी काठ्यांची शिडीवजा वाट, सुटे दगड, एका हातात वल्हं. ज्यांना राजमाची किंवा हरिश्चंद्रगडाची सवय आहे त्यांना जमेल. पण चप्पल किंवा सैल सँडल घालून कुणी येऊ नये. खाली पोहोचल्यावर गाईडने अर्धा तास नुसत्या आज्ञा घोकून घेतल्या : पुढे वल्हवा, मागे वल्हवा, धरा, खाली बसा, उंच बाजूला झेपा. लाट राफ्टला एका अंगाने उचलते, तेव्हा सगळ्यांनी त्या उचललेल्या बाजूला अंग टाकायचं, नाहीतर राफ्ट उलटतो. हे डोक्याने समजतं, पण पहिल्या लाटेत शरीर उलटंच करतं. पाचव्या रॅपिडला आमचा राफ्ट जवळजवळ उभा झाला. समोर आकाश होतं, ते क्षणात हिरवं पाणी झालं. गाईड मागून ओरडत होता आणि मी फक्त त्याच्या आवाजावर हालचाल करत होते.

सातव्या रॅपिडला, गलिव्हर्स ट्रॅव्हल्समध्ये, मी बाहेर फेकली गेले. लाइफ जॅकेट वर आणतंच. फक्त वर येईपर्यंतचे ते काही सेकंद लांब वाटतात. इथे पाणी खोल आहे आणि मोठ्या लाटांखाली सहसा खडक नसतो. पाय पुढे करून पाठीवर तरंगत राहिले. सोबतच्या कयाकवाल्याने मला गाठलं आणि दोरी धरायला दिली. मुलाने मला राफ्टवर ओढून घेतलं आणि विचारलं, "आई, परत यायचं का?" मी म्हटलं, उद्या सकाळीसुद्धा चल.

मला सगळ्यात जास्त आठवतात ते शेवटी भेटलेले हमाल. राफ्टिंग संपतं तिथून वर यायला दोनशेहून जास्त मीटरची उभी चढण आहे. आम्ही रिकाम्या हाताने, थांबत थांबत, पाणी पीत चढत होतो. गावातले तरुण आमच्या बाजूने जड राफ्ट आणि कयाक खांद्यावर, डोक्यावर घेऊन चढत गेले. एकाच्या बुटाला पुढून तळवा नव्हता, त्याने तो तारेने बांधला होता. वर सावलीत बसल्यावर त्याच्याशी बोललो. राफ्टिंगचा हंगाम चालू असतो तोवर घर चालतं, असं त्याने सांगितलं. या बाटोका घळीत झांबिया आणि झिंबाब्वे मिळून २,४०० मेगावॉटचं जलविद्युत धरण बांधायचा प्रस्ताव कित्येक वर्षांपासून आहे. ते झालं तर यातले बरेच रॅपिड पाण्याखाली जातील. दोन्ही देशांना विजेची निकड आहे, हे मी समजू शकते. पण नदीचा हा भाग जसा आहे तसा वाहता राहावा, असं मला कळकळीने वाटतं. ज्यांना राफ्टिंग करायचं आहे त्यांनी ते लांबवू नये.

मंगळवार

सामान घेऊन आम्ही झांबियात आलो, पुलावरून, पायी. (व्हिसा किती वेळा प्रवेशाचा आहे ते निघण्याआधी नीट बघून घ्या. इथे तीन देशांच्या सीमा हाताशी आहेत आणि त्या ओलांडण्यातच गंमत आहे.) पूल १९०५चा, १९८ मीटर लांब, नदीपासून १२८ मीटर उंच. धबधब्याचे तुषार गाडीच्या डब्यांवर पडले पाहिजेत, ही ब्रिटिश साम्राज्यवादी सेसिल ऱ्होड्सची इच्छा होती, म्हणून तो इतक्या जवळ बांधला गेला. ऱ्होड्स १९०२मध्येच वारला, त्याने हा धबधबा कधी पाहिला नाही. पुलाचं उद्घाटन जॉर्ज डार्विन यांनी केलं, चार्ल्स डार्विन यांचे चिरंजीव. आज पुलाच्या मध्यावरून लोक १११ मीटरची बंजी उडी मारतात. आमच्यापैकी कुणाला ती मारायची नव्हती, पण तासभर कठड्याला टेकून आम्ही इतरांच्या उड्या बघितल्या. खाली नदी वळणावर घुसळत होती. १.७ किलोमीटर रुंद नदीचं सगळं पाणी शंभरेक मीटरच्या एका फटीतून बाहेर पडतं, ते इथे, बॉइलिंग पॉटमध्ये.

दुपारी लिव्हिंगस्टन बेट. नदीकाठावरून छोट्या मोटरबोटीने नेतात. हे बेट थेट धबधब्याच्या ओठावर आहे. १६ नोव्हेंबर १८५५ला डेव्हिड लिव्हिंगस्टन या स्कॉटिश मिशनरी-प्रवाशाने याच बेटावरून पोटावर पडून खाली वाकून पाहिलं होतं. अर्थात काठावरचे लोक शतकानुशतकं या जागेला ओळखत होते, इथे पूजा करत होते. मोसी-ओआ-तुन्या, म्हणजे गरजणारा धूर, हे धबधब्याचं नाव लिव्हिंगस्टनने त्यांच्याकडूनच ऐकलं.

बेटापासून डेव्हिल्स पूलपर्यंत खडकांवरून चालत आणि शेवटचा टप्पा पोहत जायचं. दोरी लावलेली असते, गाईड पुढे आणि मागे असतात. प्रवाह तिरका ओढतो, म्हणून जायचं आहे त्याच्या वरच्या अंगाला नेम धरून पोहायचं. मग एका खडकावरून कुंडात उडी. पाणी गार होतं, ऑगस्टातलं. कुंडाच्या पुढच्या कडेला खडकाची रुंद भिंत आहे, ती पाण्याच्या थोडीशीच खाली, गुळगुळीत. तिच्यावर पोट टेकून पालथं पडायचं, गाईड घोटे धरतो, आणि मान पुढे काढून खाली बघायचं. माझ्या कोपरांच्या दोन्ही बाजूंनी पाणी बोटभर जाडीचं होऊन सरकत होतं, कडेशी ते काचेइतकं स्वच्छ होतं, आणि पुढच्या वीतभर अंतरात फाटून पांढरं होत होतं. त्याच्याखाली तळ दिसत नव्हता. खालच्या तुषारांत इंद्रधनुष्य होतं, पूर्ण वर्तुळ. लहान मासे पायांना चावे घेत होते. नवऱ्याला पोहता येत नाही. तो बेटावर थांबला आणि तिथूनच आम्हाला बघत होता. त्यालाही बेटाच्या टोकावरून कडा छान दिसला. न पोहणाऱ्यांनी केवळ या बेटासाठीसुद्धा यावं.

बुधवार

पहाटे कुडकुडत निघालो. इथला ऑगस्ट म्हणजे हिवाळ्याचं शेपूट. उघड्या जीपमध्ये स्वेटर आणि कानटोपी लागतेच. झांबियातल्या लिव्हिंगस्टन शहरापासून तासाभरावर कझुंगुला. तिथे २०२१ला उघडलेला ९२३ मीटरचा पूल झांबियाला बोट्स्वानाशी जोडतो. झिंबाब्वेच्या हद्दीला स्पर्श होऊ नये म्हणून तो वळवून बांधला आहे. नामिबियाची हद्दही इथेच टेकते. बोट्स्वानात शिरताना बूट औषधाच्या पायपुसण्यावर पुसायचे, गुरांच्या लाळ्या-खुरकूतसाठी.

चोबे नदीवरच्या बोटीत आम्ही हत्तींचा कळप नदी ओलांडताना पाहिला. बोट्स्वानात सुमारे एक लाख तीस हजार हत्ती आहेत, आणि कोरड्या महिन्यांत ते या नदीवर लोटतात. आधी मोठ्या हत्तिणी उतरल्या, मग पिल्लं त्यांच्या मधे. पाणी खोल झालं तसे फक्त माथे आणि वर धरलेल्या सोंडा दिसू लागल्या. एक पिल्लू बुडालं, पुन्हा वर आलं. मागच्या हत्तिणीने त्याला कपाळाने पुढे ढकललं. पलीकडे सेडुडू बेटावर चढल्यावर सगळ्यांच्या अंगावर दोन रंग होते : खाली ओला काळा आणि वर कोरडा राखाडी. हे बेट कुणाचं, यावरून बोट्स्वाना आणि नामिबिया हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले होते. १९९९मध्ये ते बोट्स्वानाला मिळालं.

दुपारची जीपफेरी झाली. म्हशी, जिराफ, लांबून सिंह.

त्याच रात्री पौर्णिमा. पौर्णिमेच्या आसपास झांबियाच्या बाजूचं उद्यान रात्री उघडं ठेवतात. थकून आलो होतो, तरी गेलो. चंद्र पूर्वेला कमी उंचीवर होता आणि आम्ही पश्चिमेकडे तोंड करून उभे होतो. तुषारांत एक फिकी कमान दिसली. नुसत्या डोळ्यांना ती जवळजवळ पांढरीच दिसते, कडेला तांबूस छटा. तिपाईवर ठेवलेल्या कॅमेऱ्याने मात्र सगळे रंग टिपले. चंद्र फार वर चढला की कमान खाली उतरून दिसेनाशी होते, म्हणून लवकर जावं. शेजारच्या बाकावर एक गुजराती आजी होत्या, लिव्हिंगस्टनमध्येच दुकान असलेल्या कुटुंबातल्या. त्यांनी मनगटावरची राखी दाखवली आणि विचारलं, "तमे मुंबईथी?"

गुरुवार

सकाळी मोसी-ओआ-तुन्या राष्ट्रीय उद्यानात पांढरे गेंडे बघायला पायी गेलो. पुढे बंदूकधारी रेंजर, मागे आम्ही एका रांगेत, न बोलता. वारा आमच्याकडे येईल अशी दिशा धरून त्याने आम्हाला नेलं. चोरट्या शिकारीच्या भीतीने या गेंड्यांवर चोवीस तास पहारा असतो. तीन गेंडे सावलीत चरत होते. रुंद ओठांनी गवत खुडल्याचा आवाज स्पष्ट येत होता.

दुपारी लिव्हिंगस्टन संग्रहालय पाहिलं. ते १९३४मध्ये सुरू झालं, देशातलं सर्वांत जुनं. तिथे लिव्हिंगस्टनची पत्रं आणि वस्तू आहेत. मला मात्र तिथे नाशिक आठवत राहिलं. १८६६च्या शेवटच्या मोहिमेसाठी लिव्हिंगस्टन मुंबईहून निघाला, तेव्हा त्याच्याबरोबर नाशिकच्या शरणपूरची आफ्रिकी मुलं होती. गुलामांच्या जहाजांवरून सोडवून मिशनने त्यांना तिथे वाढवलं, शिकवलं होतं. चुमा आणि सुसी हे त्याचे सोबतीही मुंबईत राहून गेलेले. १८७३मध्ये लिव्हिंगस्टन आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावी वारला. त्याचं हृदय तिथेच झाडाखाली पुरलं. शरणपूरला शिकलेल्या जेकब वेनराइटने प्रार्थना वाचली आणि झाडावर मजकूर कोरला. मग या सगळ्यांनी मृतदेह वाळवून, गुंडाळून, महिनोन्‌महिने चालत समुद्रापर्यंत नेला. वेनराइट पुढे लंडनपर्यंत गेला आणि वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला खांदा देणाऱ्यांत होता. शरणपूर रोडवरून रोज हजारो नाशिककर जातात. ही माणसं त्यांना माहीत असायला हवीत.

शुक्रवार

परतीचं विमान लिव्हिंगस्टनहून दुपारी होतं, म्हणून सकाळी हेलिकॉप्टरची फेरी घेतली. बारा-तेरा मिनिटांची एक असते आणि सुमारे पंचवीस मिनिटांची दुसरी, जी खाली बाटोका घळीवरूनही नेते. दुसरी महाग आहे, पण आम्ही तीच घेतली. रविवारी वाचलेलं सगळं वरून एका नजरेत आलं. संथ रुंद नदी, एकदम भेग, मग डावीकडे, उजवीकडे, परत डावीकडे वळत गेलेली घळ. प्रत्येक वळणापाशी कधीकाळी असाच धबधबा होता. सोमवारी ज्या लाटांनी मला बाहेर फेकलं त्या पांढऱ्या रेघोट्या दिसत होत्या, आणि वैमानिकाने हेडफोनवर रॅपिडचे आकडे सांगितले. मुलगा मोजत होता. डेव्हिल्स कॅटरॅक्टवरून जाताना मी दोघांना खालचा कोपरा दाखवला. तिथून वरच्या अंगाला, नदीच्या पात्रातच, पुढच्या भेगेची रेषा पुसटशी दिसते.

पंचवीस मिनिटांची फेरी परवडत असेल तर तीच घ्या, आणि ती सहलीच्या शेवटी ठेवा, पहिल्या दिवशी नको. आधी नदीत उतरून, पोहून, कड्यावर पालथं पडून झालेलं असलं की वरून काय बघायचं ते माणसाला माहीत असतं. पैसे सुट्या डॉलरमध्ये न्या, मोठ्या नोटांना सुटे मिळत नाहीत. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना निघण्याआधी विचारा. आणि बूट न्या, चांगले बंद बूट, घळीत उतरण्यासाठी.